सभासद क्रमांक २२१७ वरील पंधरा रोल कोणी काढले, याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी संचालक,
कऱ्हा-भीमा सहकारी दूध संघ मर्यादित,
मुख्य कार्यालय, बारामती, जि. पुणे.

अर्जदार : रविराज गेणबा खोमणे, वरिष्ठ लिपिक, दूध संकलन विभाग. रा. कोऱ्हाळे बुद्रुक, ता. बारामती.

विषय : संगणक विभागप्रमुख सौ. सुकन्या रविराज खोमणे यांना बजावलेली कारणे दाखवा नोटीस मागे घेऊन ती अर्जदाराच्या नावे काढणेबाबत.

संदर्भ : १) चौकशी समितीचा अहवाल, दि. १३/०८/२०२५, पान ३, शेवटचे वाक्य.
२) कारणे दाखवा नोटीस, जा. क्र. संगणक/१४३, दि. १४/०८/२०२५.

महोदय,

१. अर्जदार संघाच्या दूध संकलन विभागात सन २००४ पासून नोकरीस आहे. सौ. सुकन्या या संघाच्या संगणक विभागप्रमुख असून अर्जदाराच्या पत्नी आहेत. ओळख या क्रमाने मुद्दाम दिली आहे, कारण संघात ती नेहमी उलट क्रमाने दिली जाते. मागील महिन्यात अर्जदार इंदापूर शीतकरण केंद्रावर तपासणीस गेला असता केंद्रप्रमुखांनी त्याची ओळख "खोमणे मॅडमचे मिस्टर" अशी करून दिली. अर्जदाराचे नाव कोणी विचारले नाही.

२. प्रकरण थोडक्यात असे. रविवार दि. १०/०८/२०२५ रोजी दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी संघाच्या संगणक प्रणालीतून एकूण पंधरा रोल नऊ सेकंदांत काढले गेले. रोल म्हणजे प्रणालीने माणसाला दिलेली परवानगी. कोणते पान पाहावे, कोणती नोंद बदलावी, कशावर मंजुरीचे बटण दाबावे, हे त्यावर ठरते. रोल गेला की माणूस नोकरीवर असतो, पण प्रणाली त्याला ओळखत नाही. त्या दिवशी सौ. सुकन्या यांचे अकरा, अर्जदाराचे तीन आणि अर्जदाराचे वडील गेणबा खोमणे यांचा दूध उत्पादक म्हणून असलेला एक, असे रोल गेले. ते स्क्रीनवर बसून काढलेले नाहीत. एपीआय म्हणून जी खिडकी असते, जिच्यातून एक प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमला परस्पर हुकूम देतो, त्या खिडकीतून काढलेले आहेत. हुकूम सौ. सुकन्या यांच्या लॉगिनने, त्यांच्या लॅपटॉपवरून, अर्जदाराच्या राहत्या घरातून गेले. सर्वांचे रोल देण्याचा अधिकार ज्या रोलमध्ये होता तोही त्या पंधरांत गेल्याने, चौकशी संपून आपला आदेश होईपर्यंत प्रणाली पुरवणारी पुण्याची कंपनी कोणाचाच रोल परत देत नाही.

३. चौकशी समितीचे प्रमुख श्री. नागेश शितोळे यांनी दि. १३ रोजी अर्जदारास साक्षीला बोलावले. साक्ष चार मिनिटे चालली. त्यांतली दोन मिनिटे श्री. शितोळे फोनवर होते. उरलेल्या दोन मिनिटांत त्यांनी सौ. सुकन्या घरी किती वाजेपर्यंत काम करतात आणि कोणाशी फोनवर बोलतात, हे विचारले. अर्जदार स्वतः रविवारी कुठे होता, हे विचारले नाही. अर्जदार दाराबाहेर पडत असताना समितीतील एका सदस्याने "घरात यांच्याशिवाय कोणी नव्हतं म्हणे" अशी शंका काढली. त्यावर श्री. शितोळे यांचे शब्द अर्जदाराने स्वतः ऐकले : "रविराज? अहो, ते अजून प्रिंटरला हाका मारतात!" सर्वजण हसले. चहा देणारे मामाही हसले.

४. त्यानंतर अहवालाच्या पान ३ वर हे वाक्य आले : "अशा स्वरूपाचे काम करण्याइतके ज्ञान सदर घरातील अन्य व्यक्तीस नसल्याने, कृत्य सौ. खोमणे यांचेच असल्याचे समितीचे मत झाले आहे." या वाक्यावरून नोटीस निघाली. नोटिशीत त्यांना पदावरून कमी करून भिगवण शीतकरण केंद्रावर नोंदवही लिहिण्यास का पाठवू नये, असे विचारले आहे. मुदत उद्या, दि. २१ रोजी सकाळी अकरापर्यंत आहे.

५. सदर वाक्य वस्तुस्थितीला धरून नाही. ते काम अर्जदाराने केले आहे.

६. का केले, हे आपण विचारालच, म्हणून आधीच लिहितो. सन २००९ मध्ये लग्न होऊन सौ. सुकन्या कोऱ्हाळ्यास आल्या तेव्हा त्यांना मराठी टंकलेखन अर्जदाराने शिकवले. घरातला पहिला संगणक अर्जदाराचा होता. पुढे त्यांनी मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली, सन २०१९ मध्ये विभागप्रमुख झाल्या, आणि तेव्हापासून अर्जदाराने फॅटच्या आकड्यात केलेली प्रत्येक दुरुस्ती त्यांच्या मंजुरीसाठी त्यांच्याकडे जाते. सकाळी एकाच मोटारसायकलवर दोघे कार्यालयात येतात. अर्जदार तळमजल्यावर दुरुस्ती करतो आणि पहिल्या मजल्यावरून ती मंजूर होईपर्यंत वाट पाहतो. दि. ०४/०८/२०२५ रोजी अर्जदाराने मंजुरीचा रोल आपल्यालाही मिळावा, अशी रीतसर मागणी प्रणालीतून केली. अकरा मिनिटांत ती नामंजूर झाली. सौ. सुकन्या यांचा शेरा होता : "गरज नाही." संध्याकाळी जेवताना अर्जदाराने विषय काढला. त्यावर त्या म्हणाल्या, "अहो, ऑफिसचं ऑफिसात. भाजी वाढू का?" वडिलांनी विचारले, "काय मागितलं हुतंस रं तिच्याकडं?" अर्जदाराने ताट पुढे केले.

७. "गरज नाही" हा शेरा नियमाला धरून होता, हे अर्जदार मान्य करतो. एका माणसाने दुरुस्तीही करायची आणि मंजुरीही द्यायची, असे चालत नाही. अर्जदारास ते तेव्हाही माहीत होते. तरी त्या रात्री त्याला अकरा हा आकडा दिसत राहिला. त्यांच्याकडे अकरा आणि आपल्याकडे तीन. आपल्याला चौथा नको होता. त्यांचे तीन व्हावेत, असे वाटले. पुढे तेही पुरेसे वाटेना.

८. पद्धतीबाबत समितीने काहीच विचारलेले नाही, म्हणून ती नमूद करतो. प्रणालीची माहितीपुस्तिका सौ. सुकन्या यांच्या टेबलावर घरी असते. त्या आंघोळीला आणि पूजेला जात, तेवढ्या वेळात अर्जदाराने ती जूनपासून रोज थोडी थोडी वाचली होती. आधी नुसती माहिती असावी म्हणून वाचली. दि. ०४ नंतर एका ठरावीक कामासाठी वाचली. प्रोग्रॅम सतरा ओळींचा आहे. तो पहिल्यांदा प्रणालीकडून माणूस मागवतो, मग त्या माणसाचे रोल मागवतो, मग एकेका रोलसाठी काढण्याचा हुकूम देतो. सरावासाठी सर्व लिपिकांना जी चाचणी प्रणाली खुली आहे, तिच्यात खोट्या नावांवर अर्जदाराने तो चालवून पाहिला. सहा रोलांपैकी तीनच जात. एक जाई, एक राही, एक जाई. चार दिवस कारण सापडले नाही.

९. येथे एक गोष्ट लिहिणे अर्जदारास जड जात आहे. ती लिहिल्याने पान ३ वरील वाक्यास बळकटी येईल, याची त्याला जाणीव आहे. तरीही न लिहिल्यास हा अर्ज अपुरा राहील. शुक्रवार दि. ०८ रोजी संध्याकाळी सौ. सुकन्या भाकरी करत असताना अर्जदाराने प्रोग्रॅमच्या त्या ओळी, नावे बदलून, कागदावर त्यांना दाखवल्या आणि मेलेल्या जनावरांचे कानातले टॅग यादीतून काढायचे आहेत, असे सांगितले. त्यांनी हाताला पीठ असल्याने कागद हातात घेतला नाही. लांबूनच वाचला आणि म्हणाल्या, "ज्या यादीवरून चालताय तीच यादी कापताय की. पायाखालची फरशी काढल्यासारखं होतंय. आधी यादीची नक्कल काढा, नक्कल बघत बघत मूळची कापा." आणखी म्हणाल्या, "चालवायच्या आधी किती सापडले ते छापून बघा हं. जनावरं असली तरी मोजून घ्यावीत." मग भाकरी उलटली. त्यांना दहा सेकंदही लागले नसतील. नकलेची ओळ अर्जदाराने घातली. ती चौदावी ओळ आहे. मोजून घेण्याची ओळ घातली नाही. तेवढी तरी आपली आपण ठरवावी, असे वाटले. तेव्हा सतरापैकी सोळा ओळी अर्जदाराच्या आणि एक सौ. सुकन्या यांची, परंतु ती त्यांनी जनावरांसाठी सांगितली होती, माणसांसाठी नाही, हे समितीने ध्यानात घ्यावे.

१०. दि. १० रोजी राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्या भावाकडे सांगवीस गेल्या होत्या. अहवालात याचा उल्लेख नाही. लॅपटॉप टेबलावर होता आणि त्यांचे लॉगिन चालू होते. घरातल्या घरात तो बंद करण्याची त्यांना गरज वाटली नसावी. प्रणाली प्रत्येक माणसास बत्तीस अक्षरांची एक खूण देते. ती उतरवताना अक्षर चुकेल आणि भलत्याचेच रोल जातील, या भीतीने अर्जदाराने त्या खुणेऐवजी सौ. सुकन्या यांच्या नोंदीतला सभासद क्रमांक घातला. २२१७. लहानपणी अर्जदार दुधाच्या किटल्या सायकलला अडकवून डेअरीवर नेत असे, तेव्हापासून हा क्रमांक त्याला पाठ आहे. किटलीच्या झाकणावर तो लाल रंगात आहे. चुकण्याची शक्यता नव्हती आणि तो चुकलाही नाही. परंतु आपल्या संघात सभासदत्व माणसाला नसते, घराला असते. नोकरीस लागतानाही प्रत्येकाच्या नोंदीत घराचाच क्रमांक लिहिला जातो. एकवीस वर्षे संघात काढून अर्जदारास हे त्या क्षणी आठवले नाही. प्रणालीने २२१७ म्हटल्यावर त्या घरातील तिघेही काढून दिले. प्रोग्रॅमने तिघांचीही नक्कल काढली आणि नक्कल बघत बघत तिघांनाही कापले. किती सापडले हे छापले असते तर तीन दिसले असते.

११. सोमवारी सकाळी सहा वाजता वडील कोऱ्हाळ्याच्या संकलन केंद्रावर दूध घेऊन गेले. यंत्राने २२१७ नाकारले. वडील किटली तशीच घेऊन परत आले. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते ओट्यावर बसले आणि म्हणाले, "चाळीस वरसं दूध घालतोय. आज मशीन इचारतंय, तुमी कोण? समदी लायनीत हुबी. जयवंता म्हनला, आबा, माझ्या नंबरावर वता, वाया न्हाय जायचं." तेव्हापासून आमच्या दोन म्हशींचे दूध शेजारी जयवंता शिंदे यांच्या क्रमांकावर जाते. शिंदे यांचा काही दोष नाही. ते चांगुलपणाने करतात. गेल्या आठवड्यात त्यांच्या नावापुढे उत्तम फॅट म्हणून केंद्राच्या फळ्यावर कौतुक लिहिले गेले. वडील ते वाचून आले. "म्हस माझी, वैरण माझी," एवढेच म्हणाले आणि बाजेवर कूस बदलून झोपले.

१२. दि. १३ रोजी साक्ष देऊन सौ. सुकन्या घरी आल्या. समितीने त्यांना हुकमांची यादी दाखवली होती. एकही रोल मध्ये सुटला नव्हता. त्यांनी पर्स खुंटीला लावली, पाणी प्यायल्या, आणि अर्जदाराकडे न बघता म्हणाल्या, "नक्कल काढूनच कापलंत म्हणजे." त्यानंतर या विषयावर त्या आजपर्यंत एक शब्द बोललेल्या नाहीत. म्हणजे त्यांना दि. १३ पासून सर्व ठाऊक आहे. समितीस त्यांनी सांगितलेले नाही.

१३. अर्जदारही बोलला नाही. या सात दिवसांचा हिशोब प्रामाणिकपणे द्यायचा तर असा आहे. पहिले तीन दिवस अर्जदारास बरे वाटले. स्वातंत्र्यदिनी ध्वजवंदनाला त्या दरवर्षी पहिल्या रांगेत असतात, यंदा तिसऱ्या रांगेत अर्जदाराच्या शेजारी उभ्या होत्या. अर्जदारास त्याचा आनंद झाला, हे लिहिताना लाज वाटते. मग संध्याकाळी घरी लॅपटॉप उघडला जाईना. त्या वडिलांजवळ बसून शेंगा निवडू लागल्या. त्यांना म्हशींची नावे विचारू लागल्या. वडील हसू लागले. असे हसू अर्जदारासोबत बसून त्यांना कधी आले नव्हते. तेव्हा अर्जदाराच्या लक्षात आले की सौ. सुकन्या यांचे अकराच्या अकरा काढून घेतले तरी त्या हलत नाहीत, आणि आपल्याला हेवा करायला आता त्यांचे ते न हलणेच उरले आहे. ते काढून घेण्याचा हुकूम कोणत्याही पुस्तिकेत नाही.

१४. काल दि. १९ रोजी त्यांनी नोटिशीला लिहिलेले उत्तर टेबलावर होते. अर्जदाराने ते वाचले. त्यांच्या परवानगीने वाचलेले नाही. त्यात तीन वाक्ये आहेत. "लॉगिन माझे होते. ते उघडे ठेवण्याची जबाबदारी माझी आहे. पद सोडण्यास मी तयार आहे." घरात कोण होते, याचा उल्लेख नाही. अर्जदाराचे नाव नाही. ते उत्तर आपणापर्यंत पोहोचले की प्रकरण मिटेल. सौ. सुकन्या भिगवणला नोंदवही लिहितील, अर्जदारास त्याचे तीन रोल परत मिळतील आणि श्री. शितोळे यांचे वाक्य संघाच्या दप्तरी कायम राहील. अर्जदाराने दि. ०४ च्या रात्रीपासून मनात जे मागितले होते, ते सर्व त्याला मिळेल. काल रात्री जेवताना त्यांनी भाजी वाढली तेव्हा अर्जदाराने ताट मागे घेतले. तेवढेच त्याला जमले. म्हणून आज हा अर्ज.

१५. सबब विनंती की :

(अ) नोटीस क्र. संगणक/१४३ रद्द करून त्याच क्रमांकाने अर्जदाराच्या नावे काढावी. वेगळा क्रमांक दिल्यास दोघांनी मिळून केले, असा समज होईल.

(आ) अहवालातील पान ३ वरील वाक्य काढून टाकावे. पुराव्याची गरज वाटल्यास अर्जदारास समितीसमोर बसवावे, कागद काढून घ्यावेत, आणि चाचणी प्रणालीवर सतरा ओळी तोंडपाठ लिहायला सांगाव्यात. श्री. शितोळे यांनी शेजारी उभे राहावे. चौदावी ओळ लिहिताना ती कोणी सांगितली, हे अर्जदार मोठ्याने म्हणेल.

(इ) गेणबा खोमणे यांचा रोल अन्य कशाचीही वाट न पाहता उद्याच्या संध्याकाळच्या संकलनाआधी परत द्यावा.

(ई) सौ. सुकन्या यांचे अकराही रोल परत द्यावेत. त्यांतला एकही कमी करू नये. लॉगिन उघडे ठेवल्याबद्दल समज द्यायचीच असेल तर ती द्यावी, परंतु ते त्यांनी बाजारात नाही, घरात उघडे ठेवले होते, हे त्या समजपत्रात लिहावे.

(उ) अर्जदाराचे तीन रोल आपण देऊ नयेत. ते द्यायचे की नाही, हे सौ. सुकन्या यांना ठरवू द्यावे. त्यांनी पुन्हा "गरज नाही" असा शेरा मारल्यास अर्जदार त्यावर अपील करणार नाही. भिगवणच्या नोंदवहीसाठी माणूस लागत असल्यास अर्जदाराचे अक्षर चांगले आहे.

१६. हा अर्ज सौ. सुकन्या यांना दाखवलेला नाही. उद्या सकाळी अकरा वाजता त्या त्यांचे उत्तर घेऊन आपल्या दालनात येतील. अर्जदारही मागोमाग असेल. दोन्ही कागद आपल्यासमोर एकदमच येण्याची शक्यता आहे. आपण नेहमी त्यांचा कागद आधी वाचता, आणि तो वाचल्यावर दुसरा वाचण्याची सहसा वेळ येत नाही. अर्जदाराने याबद्दल यापूर्वी मनात पुष्कळ तक्रार केलेली आहे. उद्या एवढ्या एका वेळी अर्जदाराचा कागद आधी वाचावा, आणि तो वाचून झाल्यावर त्यांचा न उघडता त्यांना परत द्यावा, ही हात जोडून विनंती.

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत,
संघाचा सेवक आणि या प्रकरणातील एकमेव कसूरवार,

(सही)
रविराज गेणबा खोमणे
वरिष्ठ लिपिक, दूध संकलन विभाग

ठिकाण : बारामती
दिनांक : २०/०८/२०२५

सोबत :
१) प्रोग्रॅमची प्रत, ओळी सतरा. चौदाव्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आहे.
२) मंजुरीच्या रोलची मागणी दि. ०४/०८/२०२५ व त्यावरील शेरा.
३) दि. ०८/०८/२०२५ रोजी सौ. सुकन्या यांना दाखवलेला कागद, मूळ. कोपऱ्यावर पिठाचा डाग आहे तो अर्जदाराच्या बोटाचा आहे. त्यांनी कागदाला हात लावलेला नाही.